सावद्याचे मुराळी

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. 'तो रोग' म्हणतात, 'मोठं दुखणं' म्हणतात, आणि अगदीच नाइलाज झाला तर इकडेतिकडे बघून नुसते ओठ हलवतात. नाना मात्र हा शब्द चहावाल्याला 'साखर कमी टाक' सांगावं इतक्या सहज बोलायचे. लग्नाच्या पंगतीत बोलायचे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचे. एकदा जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडता निवडता त्यांनी विकणाऱ्या बाईलाच विचारलं, "तुह्या घरी कोणाले कॅन्सर आहे का वं?" ती बाई तराजू टाकून उठून उभी राहिली. "नाही ना? मंग चांगलं आहे. असला तर लपवू नको," असं म्हणून त्यांनी दोन वांगी देठाला धरून उचलली आणि पिशवीत टाकली. मी शेजारीच उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

त्यांची माझी पहिली भेट म्हणजे चक्क भांडण. माझी मुलगी मनू तेव्हा चार वर्षांची होती. एके दिवशी तिला अंघोळ घालताना पोटाच्या डाव्या बाजूला माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं. मी धुळ्याला देवपुरात शिवणक्लास चालवते; अस्तराखाली दोरा गोळा झाला तरी माझ्या बोटांना कळतो, मग हे कसं नाही कळणार? सोनोग्राफी झाली, आणखी तपासण्या झाल्या, आणि आठवडाभरात आम्ही जळगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात येऊन पडलो. डाव्या किडनीवर गाठ होती. आधी गाठ लहान करायला औषध, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषध, असं डॉक्टरांनी समजावलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

शेजारच्या खाटेवर हर्षल नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याचा उजवा पाय मांडीपासून नव्हता. त्याच्या उशाशी स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि या सगळ्या पांढऱ्यात काळ्याभोर मिशा. हे हर्षलचे आजोबा, सावद्याचे केळी बागायतदार. वॉर्डात सगळे त्यांना नाना म्हणत. मी पिशव्या ठेवते न ठेवते तोच त्यांनी विचारलं, "काय झालं वं पोरीले?"

"पोटात गाठ आहे," मी म्हटलं.

"कशाची?"

"साधीच आहे."

"साध्या गाठीले या वॉर्डात घेत नाही, पोरी. कॅन्सर आहे. कॅन्सर म्हण."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कोण कुठला म्हातारा, आणि माझ्या लेकीच्या खाटेशी बसून हे असलं बोलतो? मी त्यांना काय काय बोलले ते आता सांगत नाही, पण सिस्टर धावत आल्या, एवढं सांगते. नाना शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "बोलली ना? आता जेव. सकाळपासून जेवलेली दिसत नाही." आणि डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे सरकवला. मी खाल्ला. रागाच्या भरात खाल्ला, पण खाल्ला.

नाना कधी रिकाम्या हातांनी वॉर्डात आले नाहीत. घरून येताना केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर टाकून यायचे आणि जिना चढताना जो भेटेल त्याच्या हातात फण्या कोंबत यायचे. वॉचमन, लॅबवाली मुलगी, दुसऱ्या वॉर्डातल्या बाळंतिणी, कोणी सुटायचं नाही. औषध चालू असलेल्या मुलांना बाहेरचं कच्चं काही द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा सक्त नियम. फळ द्यायचं तर जाड सालीचं, सोलून, लगेच. झालं! नानांची छाती अशी फुगली की विचारू नका. "बघ, देवानं केळीले पॅकिंग करूनच पाठवलंय," म्हणायचे. "सफरचंदाले असं आहे का?" सफरचंदाशी त्यांचं काय वैर होतं कोण जाणे. काश्मीरकडचा एखादा व्यापारी त्यांना फसवून गेला असावा, असा मला दाट संशय आहे.

याच नियमापायी एकदा ते पकडले गेले. हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांचा हंगाम सुरू झाला आणि हर्षलने हट्ट धरला, मला बोरं पाहिजेत. बोरं कुठली देणार? सालीसकट खायचं फळ, नियमात बसत नाही. नानांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर राउंडला आल्या तर नाना खाटेआड पाठ करून बसलेले, नाकावर चष्मा, हातात चाकू, आणि एकेक बोर घेऊन त्याची साल काढतायत! अहो, बोराची साल! एवढ्याशा बोराचं सोलून राहतं काय, तर बी. सिस्टरनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "नाना, हे काय चाललंय?" तर म्हणतात कसे, "जाड सालीचं करून राह्यलो." सगळा वॉर्ड हसला. बोरं जप्त झाली. संध्याकाळी सिस्टरच्या टेबलावर बिया दिसल्या, त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही.

डॉक्टरांशी बोलण्याची त्यांची एक तऱ्हा होती. बाकी आम्ही सगळे हात जोडून उभे राहायचो आणि 'हो साहेब, हो साहेब' करायचो. नाना खुर्ची ओढून समोर बसायचे. मनूच्या ऑपरेशनच्या आधी सर्जनसाहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं, तेव्हा माझ्यामागून तेही आत शिरले. मनूचे पप्पा तर घामाने थबथबलेले. साहेबांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ किडनीसकट काढावी लागेल. माणसाला एक किडनी पुरते. नंतर काही महिने ठरल्या वारी सुई. या आजारात बहुतेक मुलं बरी होतात.

नाना पुढे वाकले. "बहुतेक म्हणजे आमची धरून, का सोडून?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "धरून, नाना. पण माझं काम अर्धंच आहे. ऑपरेशन झालं की लोकांना वाटतं, संपलं. घरी घेऊन जातात आणि येतच नाहीत. मग गाठ परत येते, छातीत येते, आणि तेव्हा माझ्या हातात फार काही राहत नाही. ही मुलगी शेवटच्या सुईपर्यंत आली पाहिजे. एवढं करा."

"पोर येईन," नाना म्हणाले. जणू मनू त्यांच्याच घरची.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या बाकड्यावर ते माझ्या शेजारी बसून राहिले, आणि मला केळीची लागवड शिकवली. खड्डा केवढा घ्यायचा, रोप कुठल्या बाजूने तिरकं लावायचं, पाणी किती, बुंध्याशी पिलं फुटली तर काय करायचं, घड लागल्यावर झाडाला टेकू कसा द्यायचा. मी म्हटलं, "नाना, माझं लक्ष नाहीये हो." म्हणाले, "मी कुठी मनलो लक्ष दे? मी बोलतो, तू बस." ते बोलत राहिले. माझं लक्ष खरंच नव्हतं, तरी आजही मला केळीची लागवड तोंडपाठ आहे. घड उतरवायच्या टप्प्यावर दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. मास्क खाली केला आणि हसले. नाना उठले, टोपी नीट केली आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मिशा पुसत होते, असं त्यांचं म्हणणं.

पुढे ड्रेसिंगच्या वेळी मी मनूच्या पोटावरचे टाके पाहिले. माझा धंदाच तो, नजर जाणारच. एकसारखे, सुबक, कुठे चुणी नाही. मी साहेबांना म्हटलं, "डॉक्टर, तुरपाई छान केलीत." साहेब खूश झाले. नाना मागून म्हणाले, "तुह्या क्लासात घे याले."

त्या औषधाने केस जातात. मनूच्या उशीवर पुंजके दिसायला लागले तसा माझा धीर सुटला. तिचे केस किती दाट होते काय सांगू! नानांनी सावद्याहून त्यांचा नेहमीचा न्हावी बोलावून घेतला. "गळून जायच्या आधी आपणच काढू," म्हणाले. "जावळ काढल्यासारखं वाजतगाजत काढू." आता जावळ म्हटलं की मूल मामाच्या मांडीवर बसवायचं. आम्ही दोघी बहिणी, मला भाऊ नाही. मनूचं खरं जावळ काढलं तेव्हाही एका चुलतभावाला धरून आणलं होतं. मी तसं म्हटल्याबरोबर नानांनी हॉस्पिटलच्या गच्चीवर सतरंजी अंथरली, मांडी घातली आणि मनूला उचलून वर घेतलं. "मामा इथंच आहे," म्हणाले. सत्तरीला टेकलेला मामा! हर्षल कुबड्या आपटून ताशा वाजवत होता. मनू खिदळत होती. डोकं तुळतुळीत झाल्यावर नानांनी रीतीप्रमाणे भाचीला नवा फ्रॉक दिला आणि मला साडी. त्या दिवसापासून मी त्यांची बहीण झाले आणि हर्षल मला आत्या म्हणायला लागला. नात्याचा हिशेब बसत नव्हता, पण आमच्यात तो कोणी केलाही नाही.

आता खरी गोष्ट. ऑपरेशन झालं, सुया सुरू झाल्या, आणि श्रावण आला. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ घालून, ओढणी लेववून, केळीच्या खांबांमध्ये देवी मांडायची, सगळ्या भाऊबंदांनी एका घरी जमायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. रोटाचा, म्हणजे कानबाईसाठी दळलेल्या गव्हाच्या पोळ्यांचा, प्रसाद पुनवेपर्यंत भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा. आमची कानबाई साक्रीकडच्या गावी सासूबाईंच्या घरी बसते. मनूच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी नवस बोलला होता, त्यामुळे मनूला न्यायलाच हवं. डॉक्टरांनी रक्त तपासून दोन दिवसांची सुट्टी दिली. सोमवारी संध्याकाळच्या आत परत या, सुई आहे, हे तेवढं बजावून सांगितलं.

घोळ आम्ही आधीच करून ठेवलेला होता. भाऊबंदांत कोणाला खरं सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरीला मुतखडा झाला. "पोरनी जात शे. उद्या तिनं लगीन करनं शे," असं त्यांचं म्हणणं. मनूचे पप्पा आईपुढे चकार शब्द काढत नाहीत. आणि मी? मलाही तेच सोयीचं होतं. डोक्यावर केस नाहीत, तर देवाला दिले म्हणून सांगितलं. गावी पोचलो तर जो तो मनूला जवळ घेऊन विचारतोय, "खडा केव्हढा व्हता?" मनूच्या पप्पांनी बोटाचं पेर दाखवून सांगितलं, चिंचोक्याएवढा. एका काकूने मनूचा फ्रॉक वर करून टाके पाहिले. "चिंचोकाले एव्हढं फाडं?" म्हणाली. डॉक्टरकडे भलतंच मोठं मशीन असेल, अशी तिची समजूत काढावी लागली.

आणि आम्ही आमच्याच जाळ्यात सापडलो. रविवारी दुपारी मी म्हटलं, उद्या सकाळी लवकर निघू. सासूबाई म्हणाल्या, "कसाले? आते काय शे तिले? बठ्ठं बरं व्हई गयं. पुनवलोंग ऱ्हावा, रोट सरू द्या." दीर म्हणाले, खडा निघाला ना, मग पुन्हा हॉस्पिटल कशाला? काय सांगणार? खडा निघाल्यावर सुई कसली, हे आम्ही कोणाला सांगू शकत नव्हतो. सासूबाईंना तर खरोखरच वाटत होतं की कानबाईने ऐकलं, पोर बरी झाली, आता त्या सुया म्हणजे पोरीला उगाच छळ. सुईनंतर मनू उलट्या करकरून कशी लोळागोळा व्हायची, ते त्यांनी पाहिलं होतं हो. माया होती, दुष्टावा नव्हता. पुनवेपर्यंत राहिलो तर पुढेही राहू, हे मला कळत होतं. साहेबांनी सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मी गोठ्यामागे जाऊन नानांना फोन लावला आणि रडले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रडू नको," म्हणाले. "तुले भाऊ आहे का नाही? उद्या मुराळी येतो."

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी न्यायला येणारा भाऊ. मुराळ्याला रिकामं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याला जेवू घालायचं आणि लेकीची पाठवणी करायची. मी म्हटलं, बरं सुचलं यांना! आजाराचं नाव निघायला नको, काही नको, रीतीप्रमाणे निघून जाऊ. एकच धाकधूक होती. नानांचं तोंड.

सोमवारी बायका कानबाईला नदीवर पोचवून, फुगड्या घालून परत येतायत, आणि दारात केळ्यांची पिकअप उभी राहिली. सावदा कुठे, साक्री कुठे! पहाटेचेच निघाले असणार. नाना उतरले ते परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर घड, हातात माझ्यासाठी साडी. अंगणात सगळे भाऊबंद बसलेले. त्यात आमचे चुलतसासरे तात्या, वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठे. त्यांनी विचारलं, "तुमी कोन शेतस भाऊ?"

"मी हिचा भाऊ. सावद्याहून मुराळी आलो."

"हिले त भाऊ नही!"

"नव्हता. आता आहे. पोरीचं जावळ माह्या मांडीवर निघालं, विचारा पोरीले." तेवढ्यात मनू "मामा!" म्हणत धावत येऊन त्यांच्या पायांना बिलगली. मग काय बोलणार? पाणी आलं, चहा आला. सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, पाहुण्यांनी जेवून जावं, पण पोरगी आणि तिची माय पुनवेनंतरच येतील.

"थांबलो असतो," नाना म्हणाले, "पण पोरीची आज सुई आहे."

"कसानी सुई?" तात्यांनी विचारलं. "खडा त निंघी गया ना?"

मी खांबाआडून नानांना खुणावत होते. डोळे मोठे केले, मान हलवली, हात जोडले. त्यांनी पाहिलं. चांगलं पाहिलं. सासूबाईंकडेही पाहिलं. मग चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "खडा नव्हता. कॅन्सर होता. किडनीसगट काढला."

कोणीतरी आपलं मूल ओढून जवळ घेतलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "बठ्ठासमोर बोलनात, भाऊ," त्या रडत म्हणाल्या, "मनी नातनं वाटोळं करं तुमी." मला तर वाटलं, संपलं. सासरही गेलं आणि सुईही गेली.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. इतक्या महिन्यांत मी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. टक्कल होतं, आणि ते एकदम फार म्हातारे दिसले. नेहमीसारखं खणखणीत न बोलता ते हळू बोलायला लागले. "अक्का, माह्या नातवाचा गुडघा दुखे. मी मनलो, खेळता खेळता मुरगळला. पोरगा मने, डॉक्टरले दाखवू. मी मनलो, कायले? गावात माणूस आहे, चोळून देतो. सारा पावसाळा चोळला आमी त्याचा पाय. सूज चढत गेली. सुनेनं एकदा विचारलं, मामंजी, तो रोग तर नसीन? मी तिच्यावर वराडलो, तो शब्द माह्या घरात काढायचा नाही. नाही काढला कोणी. मंग मुंबईले पाय काढावा लागला." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्यावर हात फिरवला. "तुमची पोर आख्खी आहे, अक्का. डॉक्टर मनतो, सुया पुऱ्या झाल्या तर बरी होईन. माही चूक तुमी करू नका."

मागून एका जावेने घाबरत विचारलं, "हाई लागस का हो दुसरासले?" नाना म्हणाले, "लागलं असतं तर मी मिशीसगट राह्यलो असतो का?" एक-दोघं हसली. तात्यांनी घसा खाकरला.

सासूबाई उठून घरात गेल्या. दार लावून घेणार, असं मला वाटलं. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या मनूचा स्वेटर, पाण्याची बाटली आणि स्वतःची पिशवी घेऊन. माझ्याकडे बघितलंही नाही. पिकअपकडे चालत म्हणाल्या, "चला. सुई टोचतांना पोरले मी धरसू."

साक्रीपासून जळगावापर्यंत नाना आणि सासूबाई भांडत आले. विषय, भरीत. सासूबाईंच्या मते भरीत साक्रीकडचंच, नानांच्या मते सावद्यापलीकडे कोणाला वांगं भाजताच येत नाही. मनू मध्ये झोपून गेली. वॉर्डात पोचलो तेव्हा सिस्टर सुई तयार ठेवून वाटच बघत होत्या. सासूबाईंनी कबूल केल्याप्रमाणे मनूला घट्ट धरलं. सुई मनूला टोचली आणि चक्कर सासूबाईंना आली. नानांनी त्यांना केळं सोलून दिलं.

त्यानंतर एकही सुई चुकली नाही. काही वेळा रक्तातल्या पेशी कमी व्हायच्या, ताप यायचा, भरती करावं लागायचं, मग सुई पुढे जायची. पण चुकली नाही. प्रत्येक वेळी सासूबाई बरोबर. शेवटची सुई झाली त्या दिवशी साहेबांनी नानांना विचारलं, "काय नाना, धरून की सोडून?" नानांनी साहेबांच्या हातात फणी दिली आणि पहिल्यांदाच गप्प बसले. आणि लग्नाची काळजी वाहणाऱ्या आमच्या सासूबाई? गावात कोणाचं पोर दोन आठवडे पोट धरून बसलं की या काठी टेकत त्याच्या दारात उभ्या. तपासणीला नेलं का, म्हणून विचारतात. नेलं नाही तर उठत नाहीत.

मनूची तपासणी आधी दर काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी हॉस्पिटलच्या आवारात येऊन मी पहिला फोन नानांना लावायची. हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम "काय मनला डॉक्टर?" मी "सगळं चांगलं" म्हटलं की ते फोन तसाच ठेवून घरभर ओरडत सुटायचे. त्यांचा आनंद मी फोनवर ऐकत उभी राहायची. हर्षल नवा पाय बसवून शाळेत जायला लागला, सायकल शिकला, बागेत पडून हात मोडून घेतला. त्या मोडलेल्या हाताचं नानांना काय कौतुक! "पोरगं पोरासारखं पडून राह्यलं," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. बागेत जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे सावद्याला गेलो. सासूबाई त्यांच्या फोटोपुढे बसून मोठ्याने रडल्या, सख्खा भाऊ गेल्यासारख्या. हर्षल भिंतीला टेकून बसला होता. मी जवळ घेतलं तरी एक शब्द बोलला नाही. मीही त्याला बोलतं केलं नाही.

या महिन्यात मनूची तपासणी होती. ती आता माझ्या खांद्याला लागते. वेणी कमरेपर्यंत, आणि तोंड माझ्यावर गेलेलं. साहेबांनी सगळे रिपोर्ट पाहिले, तिला पाणी भरपूर पी म्हणून दम दिला आणि फाइल मिटून म्हणाले, "आता आमच्याकडे यायचं कारण नाही. तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासा. ही बरी झाली." मी त्यांच्या पाया पडले. ते नको नको म्हणत उठून उभे राहिले.

बाहेर आले आणि हाताने सवयीने फोन लावला. नाव दिसलं, रिंग वाजली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की अगं वेडे, नाना कुठे आहेत आता? कापणार, तेवढ्यात तिकडून कोणीतरी उचलला.

"हॅलो."

तोच आवाज. तोच भरलेला, जाड, छातीतून येणारा आवाज. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हॅलो? आत्या, तू आहे का? मी हर्षल. नानांचा फोन माझ्याजवळच असतो." मग थोडं थांबून, "आज मनूची तपासणी होती ना? काय म्हणाले डॉक्टर?"

मी सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही की कापला नाही. घरभर ओरडत गेला. त्याचे पाय फरशीवर वाजत होते, एक साधा, एक टणक. मी हॉस्पिटलच्या आवारात भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हुंदके देऊन रडत होते. मनू घाबरली. माझा हात ओढून विचारायला लागली, काय झालं, मम्मी, बोल ना, कोण होतं, काय झालं?

"काही नाही गं," मी म्हटलं. "हर्षलचा आवाज फुटला."